शाकारणी

एका वर्षाआड, सप्टेंबर सरताना,
डोनेगलच्या किनाऱ्यावर वारा कूस बदलतो
आणि ऊना मॅकगिन्लेचा निरोप येतो:
"सवड झाली की ये. घाई नाही."
घाई नाही, म्हणजे उद्या.

शिडी उत्तरेच्या पाख्याला लावतो.
दक्षिणेचं पाखं उन्हाचं लाडकं, आपलं आपण वाळतं.
उत्तरेला शेवाळ धरतं, जाड, मखमाली.
पर्यटक गाडी थांबवून त्याचेच फोटो काढतात.
मी ते खरवडतो.

मग बोट खुपसून बघायचं. काकाने शिकवलेलं:
दुसऱ्या पेराशी कोरडं लागलं तर पाच वर्षं,
ओलं लागलं तर दोन,
आणि बोट आत जातच राहिलं
तर गुमान खाली उतर
आणि आधी चहा माग.

यंदा जातच राहिलं.

चहा. घरचा ब्रेड. अंगठ्याएवढं लोणी.
खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात,
माझा तर धंदाच तो.
चौदा. सातव्यावर तळहाताएवढा काळा डाग,
नवव्यावर बुरशी, पिठासारखी.
ऊना माझ्या नजरेमागोमाग वर बघते.
"मुलगा म्हणतो पत्रा टाक.
पर्थला राहतो. तिथे पाऊसच नाही म्हणे."

पुन्हा वर. दोर ताठ.
पश्चिमेच्या दगडी खुंट्या जागच्या जागी.
पेंढा माझ्याच हातचा, चार वर्षांचा,
चिमण्यांनी उपसला तेवढा सोडला तर शाबूत.
आढ्याचं पाणी वळचणीलाच जात होतं.
मग आतली ओल आली कुठून?

उत्तर खाली, भिंतीतल्या चुलीत होतं.
चूल झाडून लख्ख,
आत फुलदाणी, कागदाची फुलं,
आणि शेजारी विजेचा हीटर, सशाएवढा,
तिच्या दोन पायांपुरता.

"कधीपासून?"
"गेल्याच्या गेल्या ईस्टरपासून.
पीटच्या विटा उचलवत नाहीत रे. खांदा."
एवढं बोलून ती टेबलावरचा चुरा
तळहाताने गोळा करत बसली,
नव्हता तिथलाही.

पाऊस वरची बोटभर कातडी खातो,
ठरलेली, व्याजासारखी.
तेवढी आम्ही परत घालतो.
पण किटलीची वाफ, ओल्या कोटाची वाफ,
एकट्या माणसाचा रात्रभराचा श्वास
वर जाऊन पेंढ्यात मुक्काम करतो,
आणि त्याला हुसकायला खालून ऊब लागते.
जाळ विझला की छप्पर
आतून म्हातारं होतं.

हे तिला सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर रात्री उठून
तिने विटा वाहिल्या असत्या.

चार दिवस कुजकं काढलं, नवं भरलं,
ओटच्या ऐंशी पेंढ्या, बुंधे खाली, दाबून दाबून.
रोज सकाळी वर चढण्याआधी
चुलीत जाळ घातला. फुलदाणी खिडकीत ठेवली.
"हे कशाला?" तिने विचारलं.
"हात गारठतात," मी म्हणालो.
ते खोटं नव्हतं.

चौथ्या संध्याकाळी शिडी उतरवली
आणि रस्त्यावरून मागे वळून पाहिलं.
उत्तरेचं पाखं वाफाळत होतं,
नांगरावरून सोडलेल्या घोड्याच्या पाठीसारखं.

शेजारच्या कोनलशी बोलून ठेवलं:
रोज शाळेतून येताना एक टोपली, चुलीपाशी.
त्याचे पैसे बिलात 'खुंट्या' म्हणून लिहिले.

ऊनाने बिल वाचलं. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.
"माझ्या खुंट्या दगडाच्या आहेत.
दर आठवड्याला बदलाव्या लागतात?"
मी टोपी हातात फिरवत राहिलो.
तिने पेन्सिल घेतली, ती ओळ तशीच ठेवली,
आणि खाली आपली एक लिहिली:
चहा, चार दिवस. लोणी वेगळं.
वजा करून नोटा मोजल्या, 
आणि उठून चुलीत एक वीट सारली,
डाव्या हाताने.